वऱ्हाडातील अपभाषा

वऱ्हाडातील अपभाषा म्हणजे अमरावती, अकोला व लगतच्या जिल्ह्यांत, मुख्यतः तरुणांच्या अनौपचारिक बोलण्यात रूढ होणारे नवे शब्द व शब्दप्रयोग. हे शब्द वऱ्हाडी बोलीच्या व्याकरणात मिसळून वापरले जातात. त्यामुळे बोली आणि अपभाषा यांत अनेकदा गल्लत होते.

बोली आणि अपभाषा

'पोट्टा' (मुलगा), 'भैताड' (वेडगळ) हे शब्द किंवा 'काय बे' हे संबोधन परप्रांतीय मराठी भाषकाला नव्या पिढीची टूम वाटू शकते. प्रत्यक्षात ते विदर्भातील वडीलधाऱ्यांनाही परिचित आहेत. 'मला'ऐवजी 'मले', 'डोळा'ऐवजी 'डोया', 'करतो आहे'ऐवजी 'करून राहिला' ही रूपे बोलीच्या नियमांनुसार सिद्ध होतात. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडातील मराठीची नोंद आहे. याउलट अपभाषा समवयस्कांच्या गटात जन्मते आणि तिचे बरेच शब्द अल्पायुषी ठरतात.

नव्या शब्दांची ओळख

शब्द ओळखीचा असणे आणि त्याचा अर्थ कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोल्हापूरकडील 'नाद खुळा' या प्रयोगातील दोन्ही शब्द जुने आहेत. परंतु 'अप्रतिम, जबरदस्त' हा एकत्रित अर्थ घटकशब्दांवरून उमगत नाही. समाजमाध्यमांतून येणाऱ्या 'क्रिंज' (पाहणाऱ्यालाच ओशाळे वाटावे असे) किंवा 'रिझ' (आकर्षणशक्ती) यांसारख्या शब्दांचे रूपही अनोळखी असते. इंग्रजी 'कॅरिझ्मा' या शब्दाचे संक्षिप्त रूप असलेल्या 'रिझ'ला ऑक्सफर्डने २०२३ चा 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडले. 'काय क्रिंज करून राहिला बे' अशा वाक्यात आजीला 'क्रिंज' कळला नाही, तरी कोणीतरी काही करीत आहे आणि बोलणाऱ्याला ते रुचलेले नाही, हे समजते. कारण उरलेले वाक्य वऱ्हाडी आहे.

कोशातील नोंद आणि महत्त्व

दाते-कर्वे संपादित 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (१९३२–३८) वऱ्हाडी शब्दांपुढे 'व.' ही खूण आढळते. कोशात शब्द नसणे हा मात्र तो नवा असल्याचा पुरावा नव्हे. कित्येक जुने बोलीशब्द केवळ मौखिक परंपरेत टिकून आहेत. शालेय लेखनात 'मला' अपेक्षित असले, तरी 'मले' ही अपभाषा ठरत नाही. हा भेद न राखल्यास विद्यार्थ्याची घरची भाषाच अशुद्ध ठरविली जाते आणि तो ती बोलण्यास कचरू लागतो.