टकलावरची दोन औषधे

टक्कल पडते म्हणजे केस गळून संपतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात नुकत्याच पडू लागलेल्या टकलाकडे भिंगातून पाहिले, तर तेथे केस असतात. ते इतके आखूड, बारीक आणि फिके झालेले असतात की नजरेत भरत नाहीत. गालावर किंवा कपाळावर असते तशी ती लव असते. पुरुषांच्या नेहमीच्या टकलात केस नाहीसा होण्याआधी त्याची लव होते, आणि औषधांचा सगळा खटाटोप ही प्रक्रिया लांबवण्यासाठी असतो.

प्रत्येक केस आपल्या मुळाशी असलेल्या रोमकूपात वाढतो. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोनतीन आठवड्यांत वाढ आवरती घेतो, सुमारे तीन महिने नुसता टिकून राहतो आणि गळतो. पुढे त्याच कूपातून नवा केस येतो. डोक्यावर साधारण एक लाख केस आहेत आणि एकेकाचे आयुष्य तीन-चार वर्षांचे आहे असे धरले, तर रोज किती केस गळावेत, हे गणित नववीच्या वर्गाला घालून पाहावे. उत्तर ७० ते ९० च्या घरात येते. म्हणजे कंगव्यात रोज केस दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. टक्कल पडताना मात्र प्रत्येक फेरीत वाढीचा काळ कमी होत जातो आणि रोमकूप आक्रसत जातो. हे कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि भोवऱ्याभोवती घडते. कानांच्या वरचे आणि मानेवरचे केस जागच्या जागी राहतात. (टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर दोनतीन महिन्यांनी होणारी केसगळती आणि चाई पडणे यांची कारणे वेगळी आहेत. त्यांत आपण येथे शिरणार नाही.)

षंढ केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवले आहे. त्याचा अर्थ लावला अमेरिकेतील शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी, १९४२ साली. वयात येण्यापूर्वीच वृषणे गमावलेल्या पुरुषांचे केस शाबूत राहतात, हे त्यांना दिसले. अशांपैकी काहींना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिल्यावर टक्कल पडू लागले, पण ते ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांनाच. म्हणजे संप्रेरक हवे आणि आनुवंशिकताही हवी. ही आनुवंशिकता फक्त आईकडून येते, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. तीत थोडे तथ्य आहे, कारण या संप्रेरकाच्या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते गुणसूत्र आईकडूनच मिळते. मात्र टकलाशी संबंध असलेली जनुकस्थाने शेकड्यांनी मोजावी लागतात आणि ती दोन्ही बाजूंकडून येतात. मामाच्या डोक्याकडे पाहून भाच्याचे भविष्य सांगता येत नाही.

यापुढचा दुवा केसांच्या शोधात सापडलेलाच नाही. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या नैऋत्य भागात सालिनास नावाचे खेडे आहे. तेथे काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत, मुली म्हणून वाढत आणि वयात येताना त्यांचे शरीर पुरुषी होई. गावकऱ्यांच्या बोलीत त्यांना ‘बाराव्या वर्षी वृषण’ अशा अर्थाचे नाव होते. ज्युलिअ‍ॅन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २४ व्यक्तींचा अभ्यास १९७४ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. या व्यक्तींच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन भरपूर होते. कमतरता होती ती ‘५-अल्फा रिडक्टेज’ या विकराची. हे विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये करते. आपण त्याला डीएचटी म्हणू. डीएचटी त्याच ग्राहीला अधिक घट्ट चिकटते आणि म्हणून अधिक प्रभावी ठरते. गर्भातील मुलाची बाह्य जननेंद्रिये घडायला डीएचटी लागते. प्रौढपणी या व्यक्तींची दाढी विरळ राही, पुरःस्थ म्हणजे प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि कपाळावरची केसांची रेषा मागे सरकत नसे.

औषध कंपन्यांचे लक्ष गेले ते प्रोस्टेटकडे. म्हातारपणी ही ग्रंथी वाढून लघवीला अडथळा होतो. हे विकर अडवले तर वाढ रोखता येईल, या विचाराने मर्क कंपनीने फिनास्टराइड तयार केले. प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत १९९२ मध्ये परवानगी मिळाली आणि टकलासाठी १ मिलिग्रॅमच्या गोळीला १९९७ मध्ये. गोळीने रक्तातील डीएचटी साधारण ६० ते ७० टक्क्यांनी उतरते. दोन वर्षांच्या चाचण्यांत भोवऱ्याजवळचे केस मोजले, तेव्हा नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के पुरुषांचे केस कमी झाले होते, तर औषध घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांचे. औषधाचा मोठा लाभ आहे तो आहेत ते केस टिकण्याचा. गोळी थांबवली की वर्षभरात तो लाभही ओसरतो.

दुसरे औषध, मिनॉक्सिडिल, याचा इतिहास अधिक गमतीचा आहे. अपजॉन कंपनीने ते १९७९ मध्ये बाजारात आणले ते तीव्र रक्तदाबावरची गोळी म्हणून. ती घेणाऱ्यांच्या गालांवर, कपाळावर, हातांवर केस उगवू लागले. रक्तदाबाच्या दृष्टीने हा त्रासदायक दुष्परिणाम होता. टक्कल पडलेल्या एका रुग्णाच्या डोक्यावर केस आल्याची नोंद १९८० मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८८ मध्ये तेच रसायन २ टक्क्यांचे द्रावण होऊन टकलावर लावण्यासाठी आले. ते डीएचटीला हात लावत नाही. टाळूतील एक विकर त्याला सल्फेटचे रूप देते आणि या रूपात ते केसाचा वाढीचा काळ लांबवते. ज्यांच्या टाळूत हे विकर कमी असते त्यांना गुण कमी येतो.

लावण्याच्या मिनॉक्सिडिलचे दुष्परिणाम बहुधा टाळूपुरते असतात. खाज सुटते, कोंड्यासारखे पापुद्रे येतात. द्रावणातले प्रोपिलीन ग्लायकॉल पुष्कळदा याला कारण असते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात. विश्रांतीत असलेले केस ढकलले जाऊन नवे वाढू लागल्याची ती खूण असते. अनेक जण नेमके तेव्हाच बाटली फेकून देतात. पण हे रसायन मुळात रक्तदाबाचे आहे, हे विसरू नये. जास्त शोषले गेले तर धडधड होते, पायांवर सूज येते. स्पेनमध्ये २०१९ साली आम्लपित्ताच्या औषधात चुकून मिनॉक्सिडिल मिसळले गेले आणि ते घेतलेल्या तान्ह्या मुलांच्या अंगभर केस उगवले. मांजरांना तर याचा अल्प अंशही घातक ठरतो. घरात मांजर असेल तर उशीचा अभ्रा आणि हात यांकडे लक्ष हवे.

फिनास्टराइडचे दुष्परिणाम हा अधिक नाजूक विषय आहे आणि त्यावर वर्गात बोलणे अवघड असले, तरी बारावीनंतरची मुलेच या गोळीचे गिऱ्हाईक असतात. मूळ चाचण्यांत औषध घेणाऱ्या ९४५ पुरुषांपैकी ३.८ टक्क्यांनी कामेच्छा कमी होणे, ताठरता न येणे अशा औषधाशी निगडित तक्रारी केल्या. साखरगोळी घेणाऱ्या ९३४ जणांतही २.१ टक्क्यांनी त्याच तक्रारी केल्या. खरा फरक १.७ टक्के, म्हणजे साधारण साठांत एक. ज्यांनी यामुळे औषध सोडले, त्यांची तक्रार गेली, असेही नोंदले गेले.

मग वाद कशाचा? औषध बंद केल्यानंतरही महिनोन्महिने त्रास टिकून राहिला, असे सांगणारे तरुण पुढे येऊ लागले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ आणि २०१२ मध्ये माहितीपत्रकात तशी भर घालायला लावली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात का? असू शकतात. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. एखादी घटना ‘न’ माणसांत एकदाही दिसली नाही, तरी तिचे प्रमाण ३ भागिले ‘न’ इतके असण्याची शक्यता ९५ टक्के खात्रीने नाकारता येत नाही. हजार जणांत शून्य, याचा अर्थ हजारी तिघांपर्यंत काहीही. लाख लोक औषध घेऊ लागले की ते तिघे तीनशे होतात. साधारण हजार माणसांच्या चाचणीत विरळा त्रास न सापडणे ही कोणाची लबाडी असेलच असे नाही; ती चाचणीच्या आकाराची मर्यादा आहे.

याला दुसरी बाजूही आहे. इटलीतील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रोस्टेटच्या रुग्णांना तेच फिनास्टराइड दिले, पण लैंगिक त्रास होऊ शकतो हे निम्म्यांनाच सांगितले. वर्षभरानंतर, सांगितलेल्यांपैकी ४३.६ टक्क्यांनी तक्रार केली. न सांगितलेल्यांपैकी १५.३ टक्क्यांनी. नुसत्या अपेक्षेने एवढा फरक पडला. पण यावरून ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणणे आम्हांला मान्य नाही. अपेक्षेमुळे आकडा फुगतो, एवढेच यातून सिद्ध होते; बाकीच्यांचा त्रास खोटा ठरत नाही.

मनःस्थितीचा प्रश्न याहून गंभीर आहे. ५-अल्फा रिडक्टेज मेंदूतही असते आणि मनःस्थितीशी संबंधित काही संयुगे बनवण्यात त्याचा वाटा असतो. त्यामुळे परिणामाची शक्यता कल्पनेतली नाही, पण नेमकी साखळी सिद्ध झालेली नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये माहितीपत्रकात आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख आला. युरोपीय औषध संस्थेच्या समितीने मे २०२५ मध्ये हा फिनास्टराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. त्याचे प्रमाण मात्र ठरवता आले नाही. बहुतेक नोंदी १ मिलिग्रॅमवाल्यांच्या आहेत, पाचपट मात्रा घेणाऱ्या वृद्धांच्या नाहीत. तरुण वय आणि टकलाचीच खंत यांचा त्यात किती वाटा, हे वेगळे काढणे कठीण आहे. आमचे मत असे की टकलाने शरीराला काही इजा होत नाही, त्यामुळे येथे विरळ धोक्यालाही कर्करोगावरच्या औषधापेक्षा जास्त वजन द्यावे. पूर्वी नैराश्य येऊन गेले असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. गोळी सुरू केल्यावर मन उदास होऊ लागले, तर ती थांबवून डॉक्टरांना गाठावे.

अलीकडे फिनास्टराइड मिनॉक्सिडिलच्या बाटलीत मिसळून लावायलाही देतात. वरून लावलेले रक्तात जात नाही, ही समजूत चूक आहे. ते कमी प्रमाणात, पण जातेच. अमेरिकेच्या प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये अशा मिश्रणांबाबत सावधगिरीची सूचना काढली आहे.

आणखी तीन गोष्टी. गरोदर स्त्रीने फिनास्टराइडची फुटलेली गोळी हाताळू नये. सालिनासच्या मुलांच्या बाबतीत गर्भात काय घडले, हे आठवले की कारण लक्षात येते. याच कारणाने, गोळी घेणाऱ्याने शेवटच्या मात्रेनंतर महिनाभर रक्तदान करायचे नसते, कारण ते रक्त कोणाला दिले जाईल हे ठाऊक नसते. ड्युटास्टराइड हे तिचे अधिक जोरकस भावंड शरीरात फार काळ रेंगाळते, तेथे सहा महिने थांबावे लागते. आणि पन्नाशीनंतर प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शंकेने पीएसए ही रक्ततपासणी करतात, तिचा आकडा या गोळीने जवळजवळ निम्म्यावर येतो. डॉक्टर तो दुप्पट धरून वाचतात, पण त्यासाठी रुग्ण गोळी घेतो हे त्यांना माहीत असावे लागते. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाला उत्तर देताना केसांची गोळी पुष्कळांना आठवतच नाही.