मंगळावर उतरताना

रात्रीच्या आकाशात तांबूस रंगाचा, शांतपणे चमकणारा ठिपका तुम्ही पाहिला आहे का? तो मंगळ ग्रह. उर्दूत आपण त्याला मिर्रीख म्हणतो. तेथे अजून माणूस गेलेला नाही. पण माणसाने बनवलेली यंत्रे मात्र तेथे उतरली आहेत. हे उतरणे फार अवघड असते. ते का, हे आपण पाहू.

अमेरिकेच्या नासा या संस्थेची ‘क्युरिऑसिटी’ नावाची सहा चाकी गाडी ६ ऑगस्ट २०१२ रोजी मंगळावर उतरली. पृथ्वीवर तिचे वजन सुमारे ९०० किलोग्रॅम भरले होते. तिला घेऊन जाणारे यान मंगळाच्या हवेत शिरले, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २१,००० किलोमीटर होता. हा वेग सात मिनिटांत जवळजवळ शून्यावर आणायचा होता.

तुम्ही म्हणाल, शास्त्रज्ञ पृथ्वीवर बसून कळ दाबत असतील. तसे करता येत नाही. रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो. तरीही त्या दिवशी मंगळावरून पृथ्वीवर संदेश यायला जवळजवळ १४ मिनिटे लागत होती. आता हिशोब करा. ‘यान हवेत शिरले’ हे पृथ्वीवर कळले, तेव्हा यान खाली पोहोचून सात मिनिटे झाली होती. ते सुखरूप उतरले की त्याचा चक्काचूर झाला, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते! म्हणून कोणत्या क्षणी काय करायचे, हे सारे यानाच्या संगणकात आधीच भरून ठेवावे लागते.

दुसरी अडचण हवेची. मंगळावर हवेचा दाब आपल्याकडच्या दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. ही विरळ हवा यानाला भाजून काढण्यास पुरेशी, पण थांबवण्यास अपुरी! यानाच्या पुढच्या बाजूला उष्णता अडवणारे कवच होते. ते भट्टीसारखे तापले आणि वेग बराच उतरला. सुमारे ११ किलोमीटर उंचीवर हवाई छत्री उघडली. तरीही यान सेकंदाला सुमारे ८० मीटर खाली येतच होते. मग छत्री सोडून दिली गेली आणि गाडीच्या वरच्या सांगाड्याची इंजिने सुरू झाली. इंजिने जमिनीच्या फार जवळ आली असती, तर धूळ व खडे उडून गाडीचे नुकसान झाले असते. म्हणून विहिरीत बादली सोडावी तशी ती गाडी सांगाड्याने नायलॉनच्या दोरांनी साडेसात मीटर खाली सोडली. चाके टेकली, दोर तुटले आणि सांगाडा दूर जाऊन आदळला. ही बातमी आली, तेव्हा भारतात सकाळचे नुकतेच अकरा वाजले होते.

प्रत्येक यान इतके नशीबवान नसते. डिसेंबर १९९९ मध्ये ‘मार्स पोलर लँडर’ हे यान मंगळाच्या हवेत शिरले आणि नंतर त्याचा एकही संदेश आला नाही. चौकशीत सर्वांत संभाव्य कारण सांगितले गेले ते असे. उतरण्यासाठी यानाचे पाय उघडले, तेव्हा हिसका बसला. संगणकाला वाटले, जमीन लागली! त्याने सुमारे ४० मीटर उंचीवर इंजिने बंद केली. बिचारा संगणक आज्ञाधारकच होता. पण हा हिसका जमिनीचा नव्हे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी उतरलेली ‘पर्सिव्हिअरन्स’ ही गाडी अधिक हुशार होती. खाली येताना तिने कॅमेऱ्याने जमीन पाहिली, संगणकातल्या नकाशाशी ताडून घेतली आणि धोक्याचे खडक टाळून जागा निवडली. ती सुखरूप उतरल्याचे नियंत्रण कक्षात जाहीर केले, ते बंगळुरूत जन्मलेल्या अभियंत्या स्वाती मोहन यांनी. तोपर्यंत गाडीला मंगळावर उतरून अकरा मिनिटे होऊन गेली होती.