बायबल वाचताना (लेखांक ११) : कडेचा सरवा

मागच्या आठवड्यात आपण शास्ते या पुस्तकाचा शेवट वाचला. देशाला राजा नाही, धाक नाही, बळी तो कान पिळी असा काळ, आणि त्यात सर्वांत जास्त हाल बायकांचे. रूथची गोष्ट त्याच काळात घडते. चार अध्याय, ८५ वचने. एका बैठकीत वाचून होणारे पुस्तक आहे, म्हणून या आठवड्यात ते सलग वाचा, तुकडे करू नका.

आपल्या मंडळ्यांत रूथ बहुधा लग्नाच्या निमित्ताने वाचतात. सासूची साथ न सोडणारी सून, असा तो ठरलेला उपदेश. त्यात खोटे काही नाही. पण पुस्तक सुनेपासून सुरू होत नाही. ते दुष्काळापासून सुरू होते. बेथलेहेमातला अलीमलेख बायको नामी आणि दोन मुलगे यांना घेऊन मवाब देशात जगायला जातो.

आपल्या जव्हार-मोखाड्यात हे वाक्य कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतो; खाचरात भात होतो, वरकस उतारावर नागली-वरई होते. पण जमीन थोडी, तीही उतरती, आणि पाऊस संपला की पाणी वाहून गेलेले असते. घरात आलेले धान्य वर्षभर पुरत नाही. दिवाळी झाली की पाड्यापाड्यांतून माणसे बाहेर पडतात : भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्या, इमारतींची कामे, नाशिककडचे मळे. तान्ही मुलेही सोबत. कुणी मालकाची उचल आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत परतता येत नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी उपासनेला म्हातारी माणसे आणि थोडी मुले उरतात. अलीमलेखाचे कुटुंब का गेले, हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणालाच पडत नाही.

विवरणकारांना मात्र तो पडला. मवाबात अलीमलेख मेला. मुलांनी तिथल्याच मुली केल्या, आणि सुमारे दहा वर्षांत तेही मेले. हे का झाले? रूथच्या जुन्या अरामी भाषांतरात, तार्गुमात, कारणच घालून दिले आहे : त्यांनी परजातीच्या बायका केल्या म्हणून त्यांचे आयुष्य तुटले. नंतरच्या कितीतरी ख्रिस्ती उपदेशकांनी याला जोड दिली की देवाचा देश सोडून गेले म्हणून शिक्षा झाली. मूळ पुस्तकात यातले एक अक्षर नाही. लेखक दुष्काळ सांगतो, जाणे सांगतो, मरणे सांगतो आणि दोष कुणालाच देत नाही.

बायबल वाचणाऱ्याने इथे एक गोष्ट मनात पक्की करावी. दुसऱ्याच्या दुःखाचे कारण जिथे पवित्र शास्त्राने लिहिलेले नाही, तिथे ते आपण लिहू नये. ईयोबाच्या मित्रांनी ते लिहिले आणि शेवटी परमेश्वराचा राग ओढवून घेतला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप याचे की याच्या आईबापांचे, असे विचारले, तेव्हा येशूने तो प्रश्नच मोडून काढला. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुले गेली. त्या आयांना अडाणी ठरवून मोकळे होणारे लोक तेव्हाही होते, आजही भेटतात. देवाचे नाव घेऊन तसे बोलणारा त्याहून वाईट, असे मी स्पष्ट म्हणतो.

नामी स्वतः मात्र बोलते, आणि तिचे बोलणे ऐकायला मन घट्ट करावे लागते. गावात परत आल्यावर बायका तिला ओळखतात, नावाने हाक मारतात. ती म्हणते, ते गोड नाव आता नको, मला कडू म्हणा. भरल्या घराने गेले होते, परमेश्वराने रिकामी आणली. हा देवावरचा आरोप आहे. शास्त्राने तो गाळला नाही, कुणी तिला गप्प केले नाही, पुढे देवाने तिला त्याबद्दल खडसावलेही नाही. शोक करणाऱ्या घरी जाऊन ‘देवाची इच्छा’ म्हणणाऱ्या आपण सर्वांनी हा पहिला अध्याय पुन्हा वाचावा.

आता शेताकडे वळू. नामी आणि सून रूथ परतल्या तेव्हा सातूची कापणी नुकती सुरू झाली होती. घरात दाणा नाही, म्हणून रूथ सरवा वेचायला निघते. ही भीक नव्हती. लेवीय १९ मध्ये आज्ञा आहे : पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत कापू नका, पडलेली कणसे गोळा करायला मागे वळू नका, ते गरिबासाठी आणि परदेशीयासाठी राहू द्या. अनुवाद २४ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितले आहे की शेतात पेंढी विसरली तर ती आणायलासुद्धा जाऊ नका. ती परदेशी, अनाथ आणि विधवा यांची. मालकाने ते धान्य घरी नेऊन मग वाटायचे नाही. वाटणारा मोठा होतो आणि घेणारा लहान, हे त्या कायद्याला माहीत होते. कणसे शेतातच राहतील, गरीब येईल, स्वतःच्या हाताने वेचील, कुणाचे उपकार न घेता घरी जाईल. कारणही सोबत दिले आहे : तुम्ही मिसर देशात दास होता, ते विसरू नका.

कातकरी बाया-माणसे भात कापून झालेल्या खाचरात उंदरांची बिळे खणून त्यातले दाणे काढताना मी पाहतो तेव्हा ही वचने आठवतात. सरवा तिथेही आहे, हक्क नाही. आपल्या राज्यात या विचाराच्या सर्वांत जवळ आलेला कायदा कोणता, असे कुणी विचारले तर मी रोजगार हमीचे नाव घेईन. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून ती योजना उभी राहिली, आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला. मागणाऱ्याला काम मिळालेच पाहिजे, अशी सरकारवर बांधिलकी. योजनेतल्या खोट्या हजेऱ्या आणि रखडलेली मजुरी या भागाने भरपूर सोसली आहे. तरी हात पसरणे आणि हक्काने काम मागणे यांतला फरक त्या कायद्याने ओळखला, हे विसरता येत नाही. रूथही दिवसभर वाकून राबते, संध्याकाळी दाणे झोडपते, आणि एफाभर सातू घेऊन घरी येते.

लेवीय २३ उघडून ठेवा, कारण तिथे एक गोष्ट आहे जी घाईत सुटते. तो अध्याय सणांचा आहे. पहिली पेंढी परमेश्वरापुढे आणल्याशिवाय नव्या धान्याची भाकर खाऊ नये, हुरडाही खाऊ नये, अशी त्यात आज्ञा आहे. आपल्या वारली शेजाऱ्यांच्या घरी कणसरी या धान्यदेवीचा मान झाल्याशिवाय नवे धान्य तोंडात घालत नाहीत, त्यांना हे वाचून दाखवले तर परके वाटणार नाही. पण सणांची ही यादी चालू असताना २२ व्या वचनात मधेच कडेच्या कणसांची आज्ञा पुन्हा येते, आणि मग यादी पुढे सरकते. सण कसा पाळावा, हे सांगताना गरिबाच्या वाट्याचे शेत सांगितले आहे. ज्या उपासनेत तो वाटा नाही, तिला शास्त्र पुरी उपासना मानत नाही. यहूदी लोक सप्ताहांच्या सणाला रूथचेच पुस्तक वाचतात, ते मला फार योग्य वाटते.

कायदा असूनही शेत सुरक्षित नव्हते, हेही पुस्तक लपवत नाही. शेताचा मालक आणि अलीमलेखाचा नातलग बवाज रूथला सांगतो, दुसऱ्या शेतात जाऊ नकोस, माझ्या बायांबरोबर राहा, गड्यांना मी ताकीद दिली आहे की तुला कुणी हात लावायचा नाही. नामीही तेच बजावते : परक्या शेतात कुणी तुला गाठायला नको. एकट्या बाईला कामावर कशाची भीती असते, हे त्या दोघांना ठाऊक आहे. मग बवाज तहान लागली तर गड्यांनी भरलेले पाणी पी म्हणतो, जेवायला सोबत बसवतो, आणि पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसे गाळायला सांगतो. यातले काहीही कायद्यात लिहिलेले नव्हते. कायद्याने कड सोडायला सांगितली होती. त्याने पाण्याची आणि अब्रूची काळजी घेतली. वीटभट्टीवर पोरीबाळींसह महिने काढून आलेल्या बायांसमोर हा दुसरा अध्याय वाचला, की त्यांना या माणसाचे मोठेपण कळायला माझ्या विवरणाची गरज लागत नाही.

या सगळ्यात देव कुठे आहे? तांबडा समुद्र दुभंगत नाही, देवदूत येत नाही. पात्रांच्या तोंडी परमेश्वराचे नाव सारखे आहे, पण देवाने अमुक केले असे लेखक स्वतः फक्त दोनदा म्हणतो : पहिल्या अध्यायात, त्याने आपल्या लोकांना पुन्हा अन्न दिले, आणि चौथ्यात, रूथला गर्भ राहिला. मधल्या सगळ्या जागेत देवाची दया माणसांच्या हातांतून चालते : एका जुन्या कायद्यातून, एका सुनेच्या हट्टातून, एका शेतमालकाच्या सभ्यपणातून. दया म्हणजे फक्त आकाशातून पडणारी गोष्ट, असे मानणाऱ्याला हे पुस्तक नास्तिक वाटेल. माझ्या विश्वासाला मात्र याच पुस्तकाने मोठा आधार दिला आहे.

आता एक नाजूक गोष्ट, आणि ती या भागात राहून टाळता येणार नाही. रूथने सासूचा देव तो आपला देव मानला, हे वचन धर्मांतराच्या संदर्भात फार वापरले जाते. त्याच्या आधीचे वचन कुणी वाचत नाही. नामी तिला उलट सांगत होती : तुझी जाऊ अर्पा आपल्या लोकांकडे आणि आपल्या देवाकडे परत गेली, तूही जा. नामीपाशी देण्यासारखे काही नव्हते. घर नाही, मुलगा नाही, भाकर नाही. तरीही रूथ गेली, म्हणून तिच्या शब्दाला किंमत आहे. भुकेल्याच्या हातात भाकर ठेवून त्या बदल्यात त्याची श्रद्धा मागणे हे रूथच्या पुस्तकाच्या उलट आहे, आणि ते ख्रिस्ताच्या नावाने केले तर पाप अधिक मोठे. सरव्याच्या आज्ञेत गरिबाला त्याचा देव विचारलेला नाही.

मराठीत हे पुस्तक वाचताना मला पंडिता रमाबाईंची आठवण येते. १८७४ पासूनच्या दुष्काळी वर्षांत त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी देशभर पायी फिरले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायांना केडगावला घेऊन आल्या. त्या मुली-बायांसारख्या साध्या बायकांना समजावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या शेवटापर्यंत केले. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचे देहावसान झाले. ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भूक, वणवण, वैधव्य आणि परका देश, हे चारही अनुभव अंगावरून गेलेल्या बाईने रूथ मराठीत आणले आहे. विद्यापीठांतल्या विवरणांहून मी या गोष्टीला कमी वजन देत नाही.

चौथ्या अध्यायात वेशीवर दहा वडीलधारे बसतात आणि जमिनीचा निवाडा होतो. लेवीय २५ प्रमाणे गरिबीमुळे विकली गेलेली जमीन जवळच्या नातलगाने सोडवायची. माणूसच कर्जापायी दास झाला असेल तर त्यालाही सोडवायचे. आपल्या भागात हे कोरडे कायदे वाटू नयेत. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचे आणि नवरा-बायको दोघांनी त्याच्या दारी राबत राहायचे, ही लग्नगडीची पद्धत डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी १९४५ च्या उठावात मोडली; गोदावरी परुळेकरांनी ते सारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे. सोडवणूक म्हणजे काय, ते लग्नगड्याच्या नातवाला विचारा.

बवाजाहून जवळचा एक नातलग होता. जमीन घ्यायला तो तयार झाला, पण रूथची जबाबदारीही येते म्हटल्यावर स्वतःचे वतन बिघडेल म्हणून मागे सरला. शास्त्राने त्याचे नावही नोंदवलेले नाही. बवाजाने झीज सोसली. मंडळीने येशूला सोडवणारा म्हटले ते याच अर्थाने : तो लांबून पैसे पाठवणारा धनी नव्हे, रक्तामांसाचा नातलग आहे, आणि इब्री लोकांस पत्रातल्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणे आम्हांला भाऊ म्हणायला तो लाजत नाही. तारणाचा उपदेश करताना आपण पापाच्या क्षमेपाशी थांबतो. जमीन, कर्ज आणि दास्य यांतूनही माणूस सुटावा, अशी ज्या देवाने व्यवस्था लावली, त्याचे तारण एवढ्यावर थांबत असेल असे मला वाटत नाही.

एक गाठ मात्र सुटायची आहे. अनुवाद २३ मध्ये स्पष्ट आज्ञा आहे की मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये. रूथ मवाबी. तिचा मुलगा ओबेद, नातू इशाय, पणतू दावीद. आणि मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचे नाव मुद्दाम लिहिले आहे. एकाच ग्रंथात ही दोन्ही पाने आहेत आणि कुणी कुणाला खोडलेले नाही. याचा विचार पुढच्या आठवड्यात योनाच्या पुस्तकासोबत करू. तोवर अनुवाद २३ ची पहिली आठ वचने आणि यशया ५६ ची पहिली आठ वचने एकामागोमाग वाचून ठेवा. शक्य असेल तर मोठ्याने, घरातल्या सर्वांना ऐकू जाईल असे.