लोंबता नाडा आणि शहाण्यांची फजिती

ग्रामसभा बोलावली की कोरमअभावी तहकूब होते, हे तुम्हांलाही ठाऊक आहे आणि भाऊसाहेबांनाही. पण जत्रेत तंबूचा सिनेमा लागला आणि फलकावर दादा कोंडके असले, की कोरमचा प्रश्न कधी आला नाही. बाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला, बुडाखाली पोतं नाहीतर घोंगडी, आणि पडद्यावर गुडघ्यापर्यंतची चड्डी नि तिचा लोंबता नाडा. नाडा दिसला की हशा. गडी अजून तोंड उघडायचा होता!

14 मार्च 1998 ला दादा गेले. त्याला पाव शतक उलटून गेलं, तरी त्यांचं नाव काढा, पारावरचं म्हातारं माणूसही गालात हसतं. आता जरा विचार करा, या माणसाने आपल्याला हसवलं ते कुणावर?

कृष्णा खंडेराव कोंडके हे पूर्ण नाव. जन्म 1932 चा, मुंबईच्या गिरणगावातला. मूळ गाव भोरजवळचं इंगवली. बँडपथकात वाजवलं, अपना बाजारात नोकरी केली, सेवादलाच्या कलापथकात कामं केली. मग 1965 साली वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य रंगमंचावर आलं आणि दादांचा हवालदार महाराष्ट्राला भेटला.

या वगाची गंमत आजही शिळी झालेली नाही. राज्यात कोतवालाची जागा रिकामी होते. हक्क हवालदाराचा, पण प्रधान आपल्याच नातलगाची वर्णी लावतो. (असं आपल्याकडे कधी होतं का हो? नाहीच मुळी!) हवालदार काय करतो? अर्जफाटे करत नाही, मोर्चा काढत नाही. मैनावतीला हाताशी धरून तो नव्या कोतवालाला नादी लावतो. मैनावती हट्ट धरते, मला राजाचाच छपरी पलंग पाहिजे. आणि चोर धरायचे तो कोतवालच पलंग चोरायला निघतो! दादा त्यात त्या त्या दिवसाच्या घडामोडींवर जागच्या जागी कोट्या करायचे, त्यामुळे कालचा खेळ आज नसायचा. या वगाचे दीड हजारांवर प्रयोग झाले. आशा भोसले यांनी तो पाहिला आणि भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव सुचवलं. त्यातून 1969 ला ‘तांबडी माती’ आला आणि गडी पडद्यावर आला.

1971 ला दादांनी स्वतः पैसा घालून ‘सोंगाड्या’ काढला. आयेच्या धाकातला भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागून फडात जाऊन पोचतो, ही त्याची गोष्ट. पण खरा तमाशा पडद्याबाहेर झाला. दादरच्या कोहिनूर थिएटरात सोंगाड्या लागायचा, तर तिथे देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ पुढे करण्यात आला. दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि सोंगाड्या लागला. लागला तो असा लागला, की उतरवायचं नाव कुणी काढेना. सूटबूटवाल्या हिरोसमोर चड्डीतला नाम्या उभा राहिला आणि तिकीटबारीवर टिकला.

पुढच्याच वर्षी, 1972 ला ‘एकटा जीव सदाशिव’. शहरातल्या श्रीमंताचं पोर खेड्यात वाढतं आणि मोठेपणी बंगल्यात नेलं जातं. तिथे त्याला रीतभात शिकवायला निघालेल्यांचीच रीतभात उघडी पडते. तालुक्याच्या कचेरीत ‘तुम्हांला कळत नाही’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना ही मजा वेगळी समजवायला नको. हीच गोष्ट पुढे 2000 साली गोविंदाला घेऊन हिंदीत आली, ‘जिस देश में गंगा रहता है’ म्हणून.

1975 ला ‘पांडू हवालदार’. दिग्दर्शक म्हणून दादांचा हा पहिला चित्रपट. अशोक सराफही त्यात हवालदाराच्याच वेशात होते, आणि तिथून त्यांचं नाव घरोघर पोचलं. या चित्रपटाची करामत अशी, की पोलीस शिपायाला ‘पांडू’ हे टोपणनावच पडलं. खात्यातली मंडळी त्यावर रागावतात, तेही खरं आहे. ऊन-पावसात बंदोबस्ताला उभ्या राहणाऱ्या माणसाला हे नाव बोचतंच.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दादांची भाषा द्वयर्थी होती. सिनेमांची नावं घरात मोठ्याने घेताना लोक आधी इकडंतिकडं बघायचे. सेन्सॉरशी खटके उडायचे. अश्लील म्हणून शहाण्यांनी नाकं मुरडली. काही ठिकाणी विनोद घसरला, विशेषतः बायांच्या बाबतीत, हे आज बघताना जाणवतं आणि ते मान्य करावं. पण त्याच तोंडातून उसाच्या फडात, खळ्यावर आणि बैलगाडीत बोलली जाणारी आपली भाषा पहिल्यांदा एवढ्या मोठ्या आवाजात शहरात गेली, हेही तितकंच खरं. 1978 च्या ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’मधलं ढगाचं आणि पावसाचं गाणं 2019 ला हिंदी ‘ड्रीम गर्ल’मध्ये नव्या साजात वाजलं. ज्यांच्या बापांनी नाकं मुरडली, त्यांची पोरं त्यावर नाचली!

एकामागून एक नऊ चित्रपट पंचवीस-पंचवीस आठवडे चालले आणि गिनीज बुकात नोंद झाली. तिकीट काढणारा होता गिरणीतला कामगार आणि गावातला शेतकरी. त्याला कुणी फुकट हसवलं नव्हतं. त्याने कष्टाचा पैसा मोजून, भोळा म्हणून हिणवलेला माणूस शेवटी शहाण्याला गुंडाळतो हे बघितलं.

म्हणून वाचकहो, कोंडकेंचा विनोद खेडवळावर नव्हता. तो खेडवळाला खुळा समजणाऱ्यावर होता. आणि भाऊसाहेब, दाखल्यासाठी चार हेलपाटे घातलेला म्हातारा टेबलासमोर गप्प उभा राहून हसला, तर जरा जपून. त्याने ‘विच्छा’ पाहिलेला असेल, आणि छपरी पलंग कुठे ठेवलाय हे त्याला माहीत असेल!