दुर्बिणीआधीची रात्र

काष्टीहून मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीसाठी येणाऱ्या आमच्या माणसांना मी एकच आग्रह करते : आदल्या रात्री हडपसरला माझ्याकडे मुक्काम करा. काष्टी माझं माहेर, आणि पुण्यात मी एंडोस्कोपी विभागात परिचारिका आहे. शनिवारी गावात जनावरांचा बाजार, म्हणून बहुतेक जण सोमवारची वेळ मागतात. पहाटे निघून दौंडला गाडी धरली की दहाच्या आत पोचतो, असं त्यांचं म्हणणं असतं. पोचतात हे खरं. पण त्यात तपासणीचं नुकसान होतं. ते कसं, हे समजायला दुर्बीण काय बघते ते आधी कळायला हवं.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. त्याच्या आतल्या अस्तरावर काही जणांना कोंबासारख्या गाठी उगवतात, त्यांना पॉलिप म्हणतात. पुष्कळ पॉलिप काहीच त्रास देत नाहीत. त्यातल्या काही जातींचे मात्र हळूहळू वाढतात आणि त्यांतले थोडे बहुधा दहाएक वर्षांत कर्करोगाकडे वळतात. एवढ्या काळात ना पोट दुखतं, ना वजन घटतं. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात डॉ. विल्यम वुल्फ आणि डॉ. हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून, पोट न उघडता पॉलिप काढला. रोग शोधणारी ही तपासणी तेव्हापासून रोग टाळणारीही झाली.

त्या वेळची दुर्बीण काचेच्या हजारो बारीक तंतूंची होती. तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येतं हे १९५४ मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी दाखवलं होतं. डॉक्टर भिंगाला एक डोळा लावून बघत. एखादा तंतू तुटला की चित्रात काळा ठिपका. १९८३ मध्ये दुर्बिणीच्या टोकालाच प्रतिमा टिपणारी चिप बसली आणि चित्र पडद्यावर आलं. माझ्या कामाच्या दृष्टीने हा सगळ्यांत मोठा बदल, कारण आता मीही बघते. डॉक्टरांबरोबर दुसरे अनुभवी डोळे पडद्यावर असले तर जास्त पॉलिप सापडतात, असं अभ्यासांतही दिसलं आहे. पुढे हाय डेफिनिशन चित्र आलं, भिंगाचा आवाका १४० अंशांवरून १७० पर्यंत गेला.

देठावर लोंबणारा पॉलिप जुन्या दुर्बिणीलाही दिसायचा. खरी अडचण चपट्या पॉलिपची. तो अस्तराच्याच रंगाचा, काठ अस्पष्ट, आणि बऱ्याचदा उजव्या बाजूला, जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं त्या भागात. काहींवर चिकट श्लेष्म्याचा पातळ थर असतो, त्याखाली ते झाकून जातात. नव्या दुर्बिणीत एक बटण दाबलं की पांढऱ्या उजेडाऐवजी फक्त निळ्या आणि हिरव्या प्रकाशाचे अरुंद पट्टे पडतात. रक्तातलं हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषतं. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात, पॉलिपचा पोत कळतो, आणि तो श्लेष्म्याचा थर लालसर दिसायला लागतो.

पण त्याच प्रकाशात पित्त आणि उरलेला मळही रक्तासारखा लाल दिसतो. आतडं साफ नसेल तर हे बटण दाबून काहीच हाती लागत नाही.

म्हणून मुक्काम. पोट साफ करणारं औषध दोन भागांत घ्यायचं असतं : अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी. दहाची वेळ असेल तर दुसरा भाग पहाटे पाचच्या सुमाराला. त्या वेळी आमची माणसं रस्त्याला लागलेली असतात. वाटेत कुठे जायचं, या धास्तीने ती सगळं औषध रात्रीच पिऊन टाकतात किंवा अर्धं सोडून देतात. रात्रभरात लहान आतड्यातून पित्त पुन्हा उतरतं, आणि साचतं ते नेमकं उजव्या बाजूला.

नात्यातले एक तात्या असेच आले होते. "रातीच समदं पिलोय, पोरी," म्हणाले. दोन दिवस आधी वांग्याची भाजी आणि पेरूही झाला होता. दुर्बिणीतली पाणी ओढायची नळी जेमतेम पावणेचार मिलिमीटरची. बियांनी ती पुन्हा पुन्हा तुंबली. उजवा भाग नीट दिसेना, डॉक्टरांनी तपासणी थांबवून पुढची तारीख दिली. दुसऱ्या खेपेला तात्या माझ्याकडे राहिले. आधी भात आणि मुगाचं वरण, पहाटे मी उठवून औषधाचा दुसरा भाग. या वेळी उजव्या कोपऱ्यात चपटा पॉलिप दिसला आणि त्याच बैठकीत निघाला. आतल्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. तात्यांना काढल्याचं कळलंही नाही.

आता काही मोठ्या रुग्णालयांत संगणक पडद्यावर नजर ठेवतो आणि संशयित जागेभोवती चौकट काढतो. इटलीतल्या २०२० च्या चाचणीत त्याच्या मदतीने जवळपास ५५ टक्के लोकांत अ‍ॅडिनोमा, म्हणजे कर्करोगाकडे वळू शकणाऱ्या जातीचे पॉलिप सापडले. मदतीशिवाय ४० टक्क्यांत. मला ही मदत हवी आहे. पण चौकट पडते ती पडद्यावर आलेल्या भागावरच. आतड्याच्या घडीमागे दुर्बीण वळवलीच नाही, तर संगणक तरी काय करणार? आणि पोलंडमधल्या २०२५ च्या अभ्यासाने मला काळजीत टाकलं : संगणकाची सवय झालेल्या डॉक्टरांनी त्याच्याविना केलेल्या तपासण्यांत अ‍ॅडिनोमा सापडण्याचं प्रमाण २८ वरून २२ टक्क्यांवर आलं. दुर्बीण बाहेर घेताना निदान सहा मिनिटं शोधण्यात जावीत, हा जुना दंडक मला अजूनही पहिला वाटतो. कॅलिफोर्नियातल्या तीन लाखांहून अधिक तपासण्यांच्या अभ्यासात, डॉक्टरचं अ‍ॅडिनोमा शोधण्याचं प्रमाण एका टक्क्याने वाढलं की त्याच्या रुग्णांना पुढे हा कर्करोग होण्याचा धोका तीन टक्क्यांनी कमी दिसला.

गावातल्या प्रत्येकाने दुर्बीण करावी असं मी म्हणत नाही. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी आहे. तिथल्या नोंदींतही आपल्याकडे हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी दिसतो. सरकारी तपासणी मोहीम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांसाठी आहे, आतड्यासाठी नाही. म्हणून ज्याचं त्यानेच लक्ष ठेवायचं. शौचातून रक्त गेलं की काष्टीत मूळव्याधीचं औषध आणलं जातं आणि वर्ष निघून जातं. मूळव्याध खरोखर असली तरी वर पॉलिप नसेलच असं नाही. चाळिशीनंतर रक्त दिसलं, शौचाची सवय बदलून तशीच राहिली, किंवा रक्त कमी असल्याचं निघालं आणि कारण सापडेना, तर डॉक्टरांना दुर्बिणीबद्दल विचारा. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल तर त्रास नसतानाही चाळिशीत तपासणी हवी. आणि त्या माणसाला पंचेचाळिसाव्या वर्षी झाला असेल, तर तुमची त्याच्या दहा वर्षं आधी, पस्तिसाव्या वर्षी.