वर्षाला तीस पुस्तकं कशासाठी?

आजचा एपिसोड इटियाडोहवरून, म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातून.

'वर्षात शंभर पुस्तकं वाचा' असे रील्स तुम्हालाही येत असतील. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणून आधी हिशोब करू. रोज 20 पानं वाचली तर वर्षाला 7,300 पानं होतात. एक पुस्तक 240 पानांचं धरलं, तर झाली 30 पुस्तकं. रोजचा अर्धा-पाऊण तास, बस्स.

आता तुम्ही म्हणाल, दोनच वाचली पण नीट वाचली तर? चांगलंच आहे. पण जास्त पुस्तकं जवळजवळ वाचली की ती एकमेकांशी बोलायला लागतात. दोन पुस्तकांत दोन वर्षांचं अंतर पडलं, तर दुसरं हातात येईपर्यंत पहिलं विसरलेलं असतं.

हे धरणच बघा ना. गाढवी नदीवरचं हे पाणी कालव्यांनी धानाच्या बांध्यांपर्यंत जातं, पार वडसा भागापर्यंत. सिंचनावरचं पुस्तक एवढं सांगेल. झाडीपट्टी रंगभूमीवरचं पुस्तक सांगेल की धान निघालं की याच भागात रात्रभर नाटकं रंगतात आणि वडसा हे त्याचं मोठं केंद्र आहे. दोन्ही वाचली, की पाणी, पीक आणि नाटक एका ओळीत दिसतं. इथेच गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. ती इथे का, हे कळायला 1959 मध्ये दलाई लामा भारतात का आले ते वाचावं लागतं.

जवळच नवेगाव बांध. तिथे वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली यांनी काम केलं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी ते गेले. त्यांचा 'पक्षीकोश' आठवा. असा कोश एका पुस्तकातून होत नाही. त्याला जंगलातली नजर लागते, गावकऱ्यांचे शब्द लागतात आणि शेकडो पानांचं वाचन लागतं.

समरी अ‍ॅप तुम्हाला निष्कर्ष देतं. धागे मात्र आपल्यालाच जोडावे लागतात. आणि ते जोडता आले नाहीत, तर जो पहिल्यांदा ठासून सांगेल तेच आपल्याला खरं वाटतं. मग तो यूट्यूबर असो, नेता असो की मी!

पैशांचं टेन्शन घेऊ नका. सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी फार नसते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या वेबसाइटवर कितीतरी पुस्तकं फुकट मिळतात. रेंज असेल तेव्हा डाउनलोड करून ठेवा, नंतर नेट नसलं तरी चालतं.

मग सुरुवात कशी करायची? आपल्या गावाबद्दलचा एक प्रश्न घ्या आणि त्यावर वेगवेगळ्या बाजूंची तीन पुस्तकं सलग वाचा. तिसरं संपेपर्यंत चौथं कोणतं, ते तुम्हालाच कळलेलं असेल.