चांद्याची नाईकी

ऊर्जानगराच्या वीजकेंद्राभोंवतींच्या मुलुखांत मराठी, हिंदी, तेलुगू व गोंडी या भाषा सर्वांस परिचित आहेत. चंद्रपूर, म्हणजे पूर्वीचा चांदा, या जिल्ह्याच्या नांवानें शास्त्रज्ञ जी भाषा ओळखतात ती नाईकी मात्र येथेंच अपरिचित आहे. नामसादृश्यावरून भिल्ली वर्गांतील नायकडीशीं तिचें नातें जोडूं नये. नाईकी द्राविडी आहे.

ती बोलणारांची गणना गोंडांत होते, आणि घोटाळा येथेंच उत्पन्न होतो. जात गोंड, तेव्हां भाषाही गोंडी, हें अनुमान सोपें खरें, पण चुकीचें आहे. १९०६ सालीं निघालेल्या भारतीय भाषा-पाहणीच्या चौथ्या खंडांतच नाईकी कोलामीच्या शेजारीं बसविलेली आहे. सेतुमाधवराव पगडी यांचें कोलामी व्याकरण १९५० चें, एमेनो यांचा ग्रंथ १९५५ चा. चांद्याच्या नाईकीवर भट्टाचार्य यांनीं १९६१ सालीं स्वतंत्र निबंध लिहिला. यवतमाळकडील नाईक्री ती हीच, असेंही समजूं नये. नाईक्री हा कोलामीचा पोटभेद होय. चांद्याची नाईकी तिच्याहून दूरची.

शब्दांची तुलना जपून करावी. पाण्यास कोलामींत ‘ईर’, गोंडींत ‘येर’. एवढेंच ऐकणारास दोन्ही एक वाटल्यास नवल नाहीं. परंतु घरास कोलामी ‘एल्ला’ म्हणते, गोंडी ‘रोन’ किंवा ‘लोन’. दोहोंस कोलामींत ‘इंदिंग’, गोंडींत ‘रंड’. गोंडी तेलुगू व कुई यांच्या शाखेंतील आहे. कोलामी आणि नाईकी यांची बहीण बस्तरांतील परजी. म्हणजे रानांतला शेजार गोंडीचा, रक्ताचें नातें मात्र बस्तरांत, असा हा प्रकार आहे.

खानेसुमारीनें हा घोटाळा पक्का केला आहे. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषिकांची भाषा तींत निराळी छापीत नाहींत. २०११ सालीं कोलामीचे सव्वा लाखावर भाषिक नोंदले गेले. नाईकीस तेथें स्वतंत्र ओळ नाहीं. विचारणारानें ‘गोंड ना?’ म्हणून परस्पर गोंडी लिहिलें, कीं ती त्या मोठ्या आंकड्यांत बुडाली. घरांत मराठी शिरल्यावर तर पुढील पिढीस विचारण्यासारखें फारसें उरत नाहीं.

म्हणून या भागांत हिंडणारानें जात न विचारतां घराचा शब्द विचारावा आणि एक ते चार मोजावयास सांगावें. पांचापासून पुढें कोलामी तेलुगूचे अंक घेते. त्यांवरून कांहींच ठरत नाहीं.